पुरंदरचा हजेरीपट

सभासदाने शिवाजी महाराजांवर लिहिलेल्या बखरीत मोगलांनी १६६५ साली घातलेल्या पुरंदरच्या वेढ्याचा भाग येतो तिथे मुरारबाजीच्या नावापाठोपाठ दोन आकडे येतात, त्याच्याबरोबर हजार माणूस होतं आणि याखेरीज किल्ल्याचे एक हजार, असे मिळून दोन हजार. लहानपणी ही गोष्ट ऐकताना आकड्यांकडे कुणाचंच लक्ष नसतं. सातशे मावळे घेऊन तो गडाखाली उतरला आणि दिलेरखानाच्या पाच हजार पठाणांवर तुटून पडला एवढंच कानात राहतं, माझ्याही तेवढंच राहिलं होतं. पण तीन वर्षांपूर्वी एका रात्री बखर सहज चाळत होतो आणि नजर त्या "याखेरीज"वर जाऊन थांबली ती थांबलीच.

त्याचं कारण माझी नोकरी. मी एका कारखान्यात हजेरी आणि पगारपत्रक बघतो, बावीस वर्षं झाली. कायम कामगार वेगळे, ठेकेदाराकडून आलेले वेगळे, दोघं एकाच मशीनवर उभे असले तरी त्यांची हजेरी दोन वह्यांत लागते आणि पगार दोन खिशांतून जातो. त्यामुळे "याखेरीज" वाचल्यावर मला डोळ्यासमोर आल्या त्या दोन वह्याच. मुरारबाजीला सभासद "नामजाद लोकांचा सरदार" म्हणतो, म्हणजे वरून नेमून कामगिरीवर धाडलेली माणसं, आणि उरलेले हजार गडाचे, म्हणजे गडाचा हवालदार, सरनोबत, सबनीस यांच्या हाताखाली कायमचे नांदणारे. एकाच तटावर दोन फौजा उभ्या होत्या, दोन वेगळ्या यादींमधल्या, आणि इतक्या वेळा ही गोष्ट ऐकून, वाचून, पोवाड्यात ऐकून मला ते कधी दिसलंच नव्हतं.

त्याच रात्री एक्सेलची शीट उघडली. डावीकडे मोगल, उजवीकडे मराठे. सरदार, हुद्दा, माणसं, कुठे उभे, कुठल्या कागदावरून, असे रकाने. इंग्रजीत ह्याला ऑर्डर ऑफ बॅटल म्हणतात, लढाईच्या दिवशी कोण कुणाच्या हाताखाली कुठे उभं होतं त्याची मांडणी. मी मनात त्याला पुरंदरचा हजेरीपट म्हणत आलो कारण मला ते काम तसंच वाटतं, साडेतीनशे वर्षांनी लावलेली हजेरी.

डावी बाजू भराभर भरली. मोगल फौजेचा सेनापती मिर्झाराजे जयसिंग, त्याचा उदयराज नावाचा मुन्शी होता, त्याने लिहिलेल्या पत्रांचा संग्रह हफ्त अंजुमन म्हणून शिल्लक आहे, मूळ फारसी मला येत नाही पण त्यातला वेढ्याचा भाग जदुनाथ सरकारांनी वापरलाय त्यामुळे माझ्यासारख्याला वाचता येतो. आणि काय तपशील आहे! दिलेरखान आपले पुतणे आणि पठाण घेऊन पुरंदर आणि वज्रगड यांच्या मधे मोर्चा लावून बसलेला, सोबत हरिभान आणि उदयभान गौड. त्याच्या पुढे तोफखान्याचा तुर्कताजखान. कीरतसिंग जयसिंगाचे तीन हजार स्वार घेऊन उत्तर दरवाजासमोर. त्याच्या उजवीकडे नरसिंग गौड, कर्ण राठोड, नरवरचा जगतसिंग, सय्यद मकबूल आलम. गडाच्या मागे खिडकी दरवाजाच्या तोंडावर दाऊदखान आणि रायसिंग राठोड, त्यांच्याही उजवीकडे रसूलबेग रोजभानी. वज्रगडासमोर चतुर्भुज चौहान, त्याच्या पाठीमागे मित्रसेन आणि इंद्रमण बुंदेला. नकाशा समोर घेऊन बसलं तर एकेकाला बोटाने जागेवर बसवता येतं. तोफांनासुद्धा नावं आहेत, अब्दुल्लाखान, फत्ते लष्कर, हहेली, त्या अवघड चढावर एकेक तोफ चढवायला दिवस गेले आणि वज्रगडाचा बुरूज त्यांनी फोडला, १४ एप्रिल १६६५ ला वज्रगड पडला.

उजव्या बाजूला तेव्हा माझ्याकडे किती ओळी होत्या? दोन. नामजाद हजार, किल्ल्याचे हजार.

मला ह्याचं फार वाईट वाटलं होतं, खरं सांगतो. शत्रूच्या तोफेचं नाव माहीत आणि आपल्या तटावरच्या माणसाचं नाही. रविवारी मोडी शिकायला जायचो तिथल्या सरांना मी हे बोललो तर ते म्हणाले, "अहो, कागद काय सांगतो ते नंतर बघा, तो कुणाला सांगतोय ते आधी बघा." एवढंच बोलून ते पुढच्या विद्यार्थ्याच्या वहीकडे वळले. मला मात्र घरी येईपर्यंत ते पुरलं. उदयराज मुन्शी बादशहाला सांगत होता. कुठला मनसबदार, म्हणजे बादशाही हुद्द्याचा सरदार, मोर्च्यावर हजर आहे, कुणी कसूर केली नाही, कुणाची शिफारस करायची, ह्यासाठी ती नावं होती. बढत्यांचं कामकाज होतं ते. सभासद लिहीत होता राजाराम महाराजांसाठी, जिंजीला, १६९० च्या दशकात, म्हणजे वेढ्याला तिसेक वर्षं होऊन गेल्यावर, थोरल्या महाराजांनी राज्य कसं उभं केलं ते धाकट्या मुलाला समजावं म्हणून. त्याने पुरंदरच्या मोर्च्यांची यादी द्यायचं कारणच नव्हतं. त्याने दिली ती वेगळीच गोष्ट, फौज बांधली कशी जायची ती रीत.

आणि ती रीत म्हणजे पगारपत्रक करणाऱ्या माणसासाठी मेजवानी आहे. घोडदळात पंचवीस बारगिरांवर, म्हणजे सरकारी घोड्यावरच्या स्वारांवर, एक हवालदार. पाच हवालदारांवर एक जुमलेदार. दहा जुमल्यांवर एक हजारी. पाच हजारींवर पंचहजारी, आणि सगळ्यांवर सरनोबत. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद, म्हणजे पाणी आणि नाल यांची सोय थेट तुकडीतच. आता हे गुणून बघा. पंचवीस पंचे सव्वाशे, सव्वाशे दाहे साडेबाराशे. हजारी नावाच्या माणसाच्या हाताखाली हजार नाहीत, १२५० आहेत, आणि पंचहजारीच्या हाताखाली ६२५०. पायदळात नऊ पाइकांवर दहावा नाईक, पाच नाइकांवर हवालदार, दोन किंवा तीन हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी. इथे हवालदार दोन धरले तर हजारी बरोबर हजाराचा होतो, तीन धरले तर दीड हजाराचा. म्हणजे कुठल्या कागदात "तीन हजारी गेले" असं आलं तर तुम्ही तीन हजार लिहून मोकळं व्हायचं नाही. घोडा की हशम, म्हणजे पायदळ, हे आधी बघायचं. पगारात तर आणखी गंमत आहे, घोडदळाचा जुमलेदार सालिना ५०० होन (त्या काळचं सोन्याचं नाणं) आणि पायदळाचा जुमलेदार १०० होन, हुद्दा एक, माणसं साधारण तेवढीच, आणि पगारात पाचपट फरक. त्यामुळे नुसतं "जुमलेदार" लिहिलेला कागद सापडला की मला आनंद कमी आणि धास्ती जास्त वाटते.

असं गुणत बसलो की वाटायला लागतं आता सगळी फौज आपोआप उलगडेल. सभासद शेवटी एकूण बेरीजही देतो, पागा, म्हणजे सरकारी घोड्यांवरचे, ४५ हजार, शिलेदार, म्हणजे स्वतःच्या घोड्यांवरचे, ६० हजार, मावळे एक लाख. पण ही राज्याच्या अखेरीची, सगळ्या मुलखाची बेरीज आहे आणि माझा प्रश्न होता एका गडाचा आणि एका उन्हाळ्याचा. रीत म्हणजे मंजूर पदं. कारखान्यात मंजूर पदं साठ असतात, गेटवर अठ्ठेचाळीस येतात, आणि पगारपत्रकावर कधी कधी त्रेपन्न. तिन्ही आकडे खरे असतात, तिन्हींचा प्रश्न वेगळा असतो.

मोगलांकडे तर हे उघडच होतं. मनसबदाराच्या नावापुढे जात आणि सवार असे दोन आकडे असायचे, जात म्हणजे त्याचा स्वतःचा दर्जा आणि सवार म्हणजे त्याने ठेवायचे स्वार, आणि सवारचा आकडा म्हणजे मैदानात उभे असलेले स्वार नव्हेत. शाहजहानच्या काळात नियम असा की ज्या सुभ्यात जहागीर तिथेच चाकरी असेल तर तिसरा हिस्सा स्वार हजर करायचे, दुसऱ्या सुभ्यात चाकरी असेल तर चौथा. कागदावर चार हजार सवार असलेला सरदार उत्तरेतली जहागीर घेऊन दख्खनेत उतरला तर हिशोबाने हजार घेऊन उतरणार. मी पहिल्यांदा मनसबीचे आकडे सरळ बेरीज करून ठेवले होते आणि डावी बाजू इतकी फुगली की कऱ्हेपठारावर उभी राहायला जागा पुरली नसती. मग ते सगळं पुसलं आणि ज्या ओळीत प्रत्यक्ष स्वारांचा आकडा वेगळा दिलाय, जसे कीरतसिंगाचे तीन हजार, तेवढ्याच ओळी ठेवल्या.

पण ह्याच मोगल कागदांमधे एक प्रकार असा आहे की त्याने मला हलवून टाकलं. त्याला अर्ज-ओ-चेहरा म्हणतात. मनसबदार घोडी आणि माणसं खोटी दाखवतात म्हणून घोड्याला डाग द्यायचा आणि स्वाराच्या चेहऱ्याचं वर्णन लिहून ठेवायचं. शाहजहान आणि औरंगजेबाच्या काळातले असे दख्खनेतले कागद हैदराबादच्या सरकारी दप्तरात आजही आहेत. स्वाराचं नाव, बापाचं नाव, वर्ण, कपाळ कसं, भुवया जुळलेल्या की मोकळ्या, तीळ कुठे, जखमेचा वण कुठे, मग घोड्याचा रंग आणि डाग. ओळखपत्रावर फोटो लावतो ना आपण, तसं शब्दांनी काढलेलं चित्र. गैरहजर माणसाचा पगार कुणी खाऊ नये म्हणून एका कारकुनाने समोरच्या माणसाच्या भुवया निरखून लिहिल्या, आणि त्यामुळे तो साधा स्वार, ज्याचं नाव कुठल्या बखरीत येणार नव्हतं, तो आज चेहऱ्यासकट शिल्लक आहे. मी हजेरीच्या कामाकडे कधी ह्या नजरेने बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात नवीन मुलाचा फॉर्म भरताना "ओळखीची खूण" ह्या रकान्यात डाव्या भुवईवर वण असं लिहिलं आणि दोन मिनिटं तसाच बसून राहिलो.

तारखांचं सांगायलाच पाहिजे कारण तिथे माझे कितीतरी महिने गेले. मोडी कागदावर साल येतं ते सुहूर सन, अरबी आकड्यांच्या शब्दांत, एकम आधी आणि मग दहम. खमस सितैन अलफ म्हणजे पाच, साठ, हजार, १०६५. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन निघतं, आणि कधी ५९९ आणि कधी ६०० ते ठरतं महिन्यावरून, कारण हे वर्ष सूर्य मृगात शिरतो तेव्हा बदलतं, शेतकऱ्याचं वर्ष आहे ते. त्या काळी मृग मे महिन्याच्या शेवटी लागायचा. आता पुरंदरचा वेढा बसला मार्च १६६५ च्या अखेरीला, मुरारबाजी पडला मे महिन्यात आणि तह झाला जूनमध्ये. म्हणजे वेढा सुरू झाला खमस सितैनात आणि संपला सित सितैनात. वेढा एकच, पण कागदांवर दोन सालं. शिवाय इंग्रज जुनी कालगणना वापरत होते आणि पोर्तुगीज नवी, दोघांत दहा दिवसांचा फरक, त्यामुळे राज्याभिषेक आपण ६ जून १६७४ म्हणतो तो गोव्यातल्या दिनदर्शिकेत १६ जूनला पडतो. हे डोक्यात न ठेवता कागद एकापुढे एक लावले तर फौज पोचायच्या आधी लढाई संपते.

नावांचंही तसंच. कडतोजी गुजर आणि प्रतापराव एकच, हंसाजी मोहिते आणि हंबीरराव एकच, हे ठाऊक नसेल तर तुमच्या यादीत दोन सरदार फुकटचे वाढतात. नेताजी पालकर तर एकटा माणूस तीन फौजांच्या यादींत येतो. महाराजांचा सरनोबत म्हणून येतो, १६६६ मध्ये विजापूरकडे, तिथून मोगलांकडे, मग महंमद कुलीखान ह्या नावाने काबूलच्या बाजूला, आणि १६७६ ला परत स्वराज्यात. शीटमध्ये त्याच्या नावाच्या चार ओळी आहेत आणि त्या एकमेकींना जोडताना प्रत्येक वेळी मला त्या माणसाचाच विचार येतो, दहा वर्षं, एवढी नावं.

तहानंतर, नोव्हेंबर १६६५ मध्ये, मिर्झाराजे विजापूरवर निघाले तेव्हा महाराजांची कुमक त्यांच्यासोबत होती, दोन हजार स्वार आणि सात हजार पायदळ. आता सभासदाच्या रीतीत पायदळाच्या सात हजारींवर एक सरनोबत सांगितलाय. सात आणि सात! रात्री साडेबाराला हे जुळलं तेव्हा मी खुर्चीतून उठून घरभर फेऱ्या मारल्या. सकाळी मात्र ती ओळ पिवळी करून ठेवली. तहातला आकडा दोन दरबारांत बोलणी होऊन ठरलेला आहे, सभासदाचा आकडा रीतीतला आहे, दोन्हीकडे सात आले म्हणून एक अख्खी तुकडीच उचलून पाठवली असं म्हणायला तिसरा कागद पाहिजे. ओळ अजून पिवळीच आहे.

सगळ्यात खरे कागद कुठले असं मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, जे फौजेबद्दल सांगायला बसलेलेच नाहीत ते. कारखान्यात ठेकेदाराची यादी, गेटचं रजिस्टर आणि पगारपत्रक तिन्ही भांडायला लागले की मी कॅन्टीनच्या चपात्यांचा हिशोब मागवतो, तो सहसा चुकत नाही कारण तो माणसं मोजण्यासाठी लिहिलेलाच नसतो. तसं महाराजांचं एक पत्र आहे राज्याभिषेकाच्या आसपासचं, चिपळूणजवळ हलवर्णला पागा छावणीला होती तिथल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना. पावसाळ्यासाठी दाणा आणि वैरण साठवलीये, ती आत्ताच मनाला येईल तशी उधळली तर भर पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्ही मारली असं होईल. मग तुम्ही कुणब्याच्या घरी जाल, कुणी दाणे आणेल, कुणी भाकर, कुणी गवत, कुणी भाजी, आणि त्या कुणब्याला वाटेल मोगल परवडले. गवताच्या गंजीपाशी चुली मांडू नका, चिलीम ओढताना ठिणगी पडेल, रात्री दिवा ठेवाल तर उंदीर पेटती वात ओढून नेईल. हे पत्र रयतेच्या काळजीसाठी प्रसिद्ध आहे आणि ते बरोबरच आहे, वाचताना दर वेळी अंगावर काटा येतो. पण मी ते फौजेच्या मांडणीसाठीही वाचतो. मायन्यात हुद्दे आहेत जुमलेदार-हवालदारांचे, म्हणजे पावसाळ्यात पागेची जबाबदारी त्या पातळीवर वाटलेली होती. कोठार आधी भरलेलं होतं. आणि कुणीतरी चार महिन्यांचा दाणा मोजून ठेवला होता, नाहीतर तो संपेल हे महाराज इतक्या ठामपणे लिहू शकले नसते.

फ्रेंचांकडचंही एक निरीक्षण असंच, बोलता बोलता आलेलं. १६७७ च्या दक्षिण मोहिमेत पुदुच्चेरीच्या फ्रान्स्वा मार्तँने आपल्या रोजनिशीत लिहिलंय की मराठ्यांच्या छावणीत डामडौल नाही, बायका नाहीत, स्वारांना महिन्याला दोन होन मिळतात, आणि दोन माणसांमागे तीन घोडी असतात. दोनास तीन! म्हणजे लांबून टेकडीवर उभं राहून घोडी मोजणाऱ्याने १५०० सांगितले तर माणसं हजारच. १६७० च्या ऑक्टोबरात सुरतेवर दुसरी स्वारी झाली तेव्हा इंग्रज वखारीने फौज पंधरा हजार लिहिली. दाराला अडसर लावून आत बसलेल्या माणसाने धुळीतून काय मोजलं असेल, घोडी की माणसं, हा प्रश्न मार्तँ वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

तर पुन्हा पुरंदर.

रीत कळली होती, मुरारबाजीचे सातशे माहीत होते, त्यामुळे एका शनिवारी मी उजवी बाजू भरायला घेतली. सातशे म्हणजे सत्तर नाईक, चौदा हवालदार, जुमला शंभराचा धरला तर सात जुमले. सत्तर ओळी केल्या. नावं नव्हती, पण प्रत्येक ओळीत नाईक आणि खाली नऊ पाईक. पडले ते सभासद तीनशे सांगतो, म्हणून शेवटच्या तीस ओळींचा रंग बदलला. शीट इतकी भरलेली आणि खरी दिसायला लागली की मी ती छापून भिंतीवर लावली.

आठवड्याभराने तोच परिच्छेद परत वाचत होतो आणि त्यातले दोन शब्द दिसले, "निवड करून". दोन हजारांत निवड करून मुरारबाजीने सातशे माणूस घेतले. म्हणजे नामजादही त्यात असणार आणि गडाचेही असणार. ज्याचा हात बसलेला, जो सगळ्यात पुढे जाईल, असा एकेक उचलला असणार, ह्या हवाल्यातले चार आणि त्या हवाल्यातले सात. त्या दिवशी दरवाजातून खाली उतरले ते ना जुमले होते ना हवाले, त्यांच्यात शेजारी कोण होता ते त्यांनाच माहीत. मी केलेल्या सत्तर ओळींतली एकही खरी नव्हती. कागद भिंतीवरून काढला, ओळी पुसल्या, आणि एकच ओळ लिहिली: मुरारबाजी, निवडक, दोन्हींतून, ७००. ती एक ओळ लिहिताना मला त्या माणसांच्या जितकं जवळ गेल्यासारखं वाटलं तितकं त्या सत्तर ओळींनी वाटलं नव्हतं.

खालची ओळ लिहायची राहिली होती. सभासद सांगतो की मुरारबाजी पडल्यावरही गडावरचे लोक हटले नाहीत, एक मुरारबाजी पडला म्हणून काय झालं, आम्हीही तसेच शूर आहोत असं म्हणून भांडत राहिले. ह्या उरलेल्यांचा सरदार कोण ते तो सांगत नाही. आणि इथेच आकड्यांचं मोठं भांडण आहे. दोन हजारांतून तीनशे गेले तर उरतात सतराशे. पण ११ जूनला महाराज मिर्झाराजांच्या तंबूत गेले, तिथून समोर गडावर चाललेला हल्ला दिसत होता, गड सोडायचं ठरलं, आणि मग गडातून बाहेर पडलेली माणसं मोगलांनी मोजली ती सात हजार. त्यातली लढणारी चार हजार.

सतराशे आणि चार हजार. ह्या फरकावर मी किती महिने घालवले असतील! वेढ्यात चोरवाटेने कुमक आत आली असेल, आसपासच्या गावातली हत्यार धरणारी माणसं गडावर चढली असतील, शिवाय मुन्शीला मोठा आकडा लिहिण्यात फायदाच होता, गड सोपा नव्हता हे बादशहाला कळायला हवं. तिन्ही कारणं मी रकान्यात मांडली, प्रत्येकापुढे किती वजन द्यायचं ते लिहिलं. एका संध्याकाळी बायको चहा घेऊन आली आणि मागे उभी राहून स्क्रीन बघत होती. तिला इतिहासाचं माझ्याएवढं वेड नाही. ती म्हणाली, "अहो, पण ह्या दोन हजार माणसांची भाकरी कोण भाजत होतं?"

मी सांगायला लागलो की नामजाद लोकांची व्यवस्था वेगळी, गडाची वेगळी, आणि मधेच थांबलो. सात हजारांतून चार वजा केले की तीन उरतात, ही वजाबाकी मी इतके महिने केलीच नव्हती. तीन हजार. बायका, पोरं, म्हातारी माणसं. मार्चच्या अखेरीपासून जूनपर्यंत, अडीच महिने, अब्दुल्लाखान आणि फत्ते लष्कर यांचे गोळे येत असताना, ऐन उन्हाळ्यात, वर पाणी किती उरलं असेल तेव्हा. सभासदाकडे ती नाहीत, रीतीत ती बसत नाहीत, आणि मी चार हजारांवरून भांडत होतो म्हणून त्याच वाक्यातल्या सात हजारांकडे माझं लक्ष नव्हतं. दरवाजावर उभ्या असलेल्या शत्रूच्या कारकुनाने मोजली म्हणून ती आहेत.

शीटच्या उजव्या बाजूला, नामजाद आणि किल्ल्याचे ह्या दोन ओळींच्या मधे, आता तिसरी ओळ आहे. हुद्द्याचा रकाना मोकळा ठेवलाय. जागेच्या रकान्यात "गडावर" एवढंच लिहिलंय.

मागच्या हिवाळ्यात आम्ही सगळे पुरंदरला गेलो. गडावर लष्कराचा ताबा आहे, चौकीवर ओळखपत्र दाखवावं लागतं. तिथल्या जवानाने वही पुढे सरकवली, मी नाव लिहिलं, गाडीचा नंबर लिहिला, वेळ लिहिली. एक रकाना सुटला होता, त्याने पेनाने दाखवला. एकूण माणसं. मी गाडीकडे वळून बघितलं, आई पुढच्या सीटवर पदर सावरत होती, मुलगी मागे झोपलेली, बायको पाण्याची बाटली शोधत होती. चार लिहिले.